बाजाराचा दिवस नव्हता

विजूताई,

शुद्धलेखनाची माफी आधीच मागते. अक्षराचीही. चौथी झाल्यापासून मी लिहिलं ते म्हणजे वाण्याची यादी आणि साड्यांच्या पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या. 'गुलाबी, फॉल, शनिवार' एवढंच. तुम्ही तीस वर्षं गिरगावच्या छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका शोधून पगार घेतलात. हा कागद तुमच्या हाती लागता तर सगळा लाल झाला असता. लागणार नाही, म्हणून तर लिहायला बसले. जिथे ऱ्हस्वाचं दीर्घ होईल तिथे होऊ दे तुमच्या डोक्याला ताप. तुम्ही मला काही कमी ताप दिला नाहीत.

परवा खाली चौकात तुमचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. पांढरी चादर, फोटो, मेणबत्त्या. वंदना झाली आणि मग एकेक जण उठून तुमच्याबद्दल बोलायला लागला. तुमच्याकडे अशी पद्धत आहे हे मला ठाऊक होतं, पण त्यात माझाही नंबर लागेल हे ठाऊक नव्हतं. तुमची भाची प्राजक्ता माइक घेऊन थेट माझ्यासमोर. "सुनंदामावशी, तुम्ही तर पार्टिशनच्या पलीकडच्या. दोन शब्द बोला."

मी उभी राहिले. माइकमध्ये माझा श्वास मोठ्याने ऐकू आला, तो ऐकून मी खाली बसले. लोकांना वाटलं, बाईंना रडू आवरलं नाही. कुणीतरी पाणी दिलं. रडूबिडू काही नव्हतं, ताई. राग आला होता. दोन वर्षं माझ्या मागे लागलात, बोल बोल म्हणून. आणि मला बोलायला उभं केलं तेव्हा ऐकायला तुम्ही नाही. ही काय रीत झाली?

तेव्हा आता इथे बोलते. मधे तोंड घालू नका.

पहिली गोष्ट, मी फोन मागितला नव्हता. माझा बटणांचा फोन चांगला चालत होता. गिऱ्हाइकांचे फोन येत होते, आणखी काय हवं? तुम्ही एका सकाळी पार्टिशनवर चमच्याने दोनदा टकटक केलंत, म्हणजे चहा झाला. मी आले आणि दाराजवळच्या स्टुलावर बसले, तर तुम्ही चहाबरोबर खोकं पुढे केलंत.

"हे काय?"

"फोन. तुझ्या त्या डबड्यावर गोष्टी ऐकू येत नाहीत."

"मला कुठे ऐकायच्यात गोष्टी?"

"मला ऐकवायच्यात."

"फुकट घेणार नाही मी."

"मग फेड. सात हजारांचा आहे. महिन्याला शंभर दे."

मी बोटांवर हिशोब केला. "ताई, सत्तर महिने होतात. तोवर आपण असू का?"

"मी असेन. तुझं तू बघ."

वर खोखो हसलात. एकोणीस महिन्यांत गेलात. छापखान्यात एक काना राहिला तर सबंध पान परत पाठवणारी बाई, आणि स्वतःच्या बोलण्यात एवढी मोठी चूक!

मग तो तुमचा ऑनलाइन कट्टा. दर रविवारी चार वाजता. एक टकलू पुण्याचे, कुणी नाशिकचे, एक बाई अमेरिकेच्या, त्यांच्याकडे पहाट असायची आणि हातात भला मोठा कप. एक सर सगळं चालवायचे. एक जुनी गोष्ट ठरवायची, सगळ्यांनी आठवडाभरात वाचायची आणि रविवारी तिच्यावर बोलायचं. मी म्हटलं, मला एक पान वाचायला अर्धा दिवस लागतो, मी काय करू तिथे? तर तुम्ही गोष्ट स्वतः वाचून आवाजात भरून मला पाठवायला लागलात. मधे तुमचा खोकला, मधे कुकरच्या शिट्ट्या. एका गोष्टीत तर राजाच्या दरबारात तुम्ही भंगारवाल्याला हाक मारता. तीस-चाळीस गोष्टी आहेत तशा. फोन आता रोज म्हणतो, जागा संपली, काहीतरी काढून टाका. काय काढू? तुम्हीच सांगा.

तुमच्या खोलीत दोन फोन एकत्र लावले की कुईं करून आवाज यायचा, म्हणून तुम्ही तुमच्या खोलीत आणि मी माझ्या. माझ्या फोनवर तुम्ही चित्र बंद करून दिलंत, आवाजही बंद. "या खुणेला हात लावू नकोस, म्हणजे तुला कुणी ऐकणार नाही." मी लावला नाही. फोन पिठाच्या डब्याला टेकवायचा, मांडीवर साडी घ्यायची, फॉल लावत ऐकायचं. काही खटकलं की मी पार्टिशनमधून ओरडायचे, "ताई, तुमचे ते टकलू आज काहीच्या बाही बोलतायत!" फळ्या त्या, कागदासारख्या. तुम्ही पलीकडे फिस्सकन हसायचात, आणि तुमचा आवाज चालू असायचा. त्या लोकांना वाटत असेल, भोईवाड्याच्या या बाई एकट्याच हसतात.

आणि कट्टा संपला की दारात येऊन उभ्या. "तुला काय वाटलं?"

मला आयुष्यात लोकांनी विचारलं ते 'झालं का?', 'किती झाले?' आणि 'शनिवारी नक्की ना?' तुला काय वाटलं, हे तुम्ही पहिल्यांदा विचारलंत. मला ते मुळीच आवडलं नाही. मग आठवडाभर साडी शिवताना मी मनात उत्तर घोळवायचे, आणि घोळवताना सुई बोटात टोचून घ्यायचे. एवढं मात्र लिहिते, की ज्या रविवारी तुम्ही विचारायला आला नाहीत, ताप होता तुम्हाला, त्या रविवारी मी दोनदा दारात डोकावले होते.

महिन्याच्या पहिल्या रविवारी मी साडेतीनला शंभराची नोट घेऊन यायचे. तुम्ही ती न बघता चहाच्या डब्याखाली सरकवायचात. दर वेळी म्हणायचात, "टोकाला का बसतेस? आत ये, खुर्चीवर बस." मी म्हणायचे, "इथे बरं आहे." तुम्हाला तो माझा लाजाळूपणा वाटायचा. वाटू दे म्हटलं.

आता ती होडीवाल्याची गोष्ट. जिच्यावरून आपलं बिनसलं. तुम्ही म्हणालात, शंभर वर्षांची जुनी, एकेकाळी शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असलेली गोष्ट आहे. असेल. मला पाचवी कुठे दिसली?

एका खाडीवर एक होडीवाला. एक विधवा बाई बाजाराच्या दिवशी टोपली घेऊन पलीकडे जाते. तिच्याकडे द्यायला काही नसतं. तो म्हणतो, बस, दे पुढेमागे. अशी बारा वर्षं जातात. दोघं फारसं बोलतही नाहीत. एक दिवस ती पै-पै साठवलेले सगळे पैसे फडक्यात बांधून त्याच्या पायरीवर ठेवते. तो ते फडकं उचलतो आणि न सोडता खाडीत टाकून देतो. दुसऱ्या दिवशी त्याची होडी वाळूत पालथी. आणि ती बाई रिकामी टोपली घेऊन धक्क्यावर उभी. त्या दिवशी बाजार नसतो. एवढं लिहून गोष्ट संपते. मी दोनदा ऐकली, म्हटलं पुढचं पाठवायला विसरलात.

तो महिन्याचा पहिलाच रविवार होता. माझा भिशीचा नंबर लागला होता. मी काय आनंदात आले असेन! एकोणीस हप्ते झाले होते, उरलेले पाच हजार शंभर वेगळे काढून पाकिटात घालून आणले.

"घ्या. सुटले एकदाची."

तुम्ही पाकिटात बघितलंत, त्यातून शंभराची एक नोट काढायला गेलात, मग तीही परत ठेवलीत. "असं एकदम नको. आजचे राहू दे. पुढच्या महिन्यापासून शंभर-शंभर आण."

"ताई, असलेले पैसे मी घरात ठेवू आणि आणखी चार वर्षं तुमचे हप्ते भरू?"

"ठरलं होतं तसं. सत्तर महिने."

"अहो, पण का?"

"मला आवडतं म्हणून," म्हणालात, आणि चष्मा पुसत फोन लावायला बसलात. चार वाजायला आले होते. मी पाकीट घेऊन परत आले. आमचे हे म्हणाले, "काय गं, नाही घेतले? मग मला दे." त्यांनाही ओरडले.

आणि वर तुमचं ते कट्ट्यावरचं बोलणं! मी साडी मांडीवर घेते न घेते तोच तुमचा आवाज. पार्टिशनमधून एक, फोनमधून एक. "होडीवाल्याचा अपमान झाला. त्याने बारा वर्षं तिला माणूस म्हणून नेलं, आणि तिने शेवटी त्याला भाडेवाला करून टाकलं. पैसे ठेवून तिने नातं संपवलं." सगळे वा वा करत होते. टकलू तर म्हणाले, किती सूक्ष्म.

तेवढ्यात एका गिऱ्हाइकाचा फोन आला. तो कापायला मी एका हाताने काहीतरी दाबलं. काय दाबलं गेलं ते मला आजही माहीत नाही. माझं सगळं लक्ष तुमच्याकडे. मी नेहमीसारखी पार्टिशनकडे तोंड करून ओरडले.

"एवढी मिजास कशाला त्या मेल्याची! पैसे खाडीत टाकायला काय जातं? बारा वर्षं ती बाई टोकाला बसून भिजली, ते नाही दिसलं कुणाला? फुकटची बाई कधी मधल्या फळीवर बसते का हो? तिला एकदा मधे बसायचं होतं, म्हणून ठेवले तिने पैसे! कळलं का?"

पलीकडून तुम्ही हसला नाहीत. मग सर हळूच म्हणाले, "हे... कोण बोललं?"

अमेरिकेच्या बाई म्हणाल्या, "सुनंदा नावाची चौकट उजळली होती."

मी फोन तांदळाच्या डब्यात टाकला आणि झाकण लावलं. तरी तांदळातून सरांचा आवाज येतच होता. "सुनंदाताई, पुन्हा सांगाल का? टोकाला म्हणजे? आम्हाला हे ठाऊक नव्हतं."

त्यांना कुठून ठाऊक असणार? तुम्हालाही नव्हतं. तुम्ही परळमध्ये जन्मलेल्या. आमच्या गावच्या खाडीवर होडी होती. वर्षभर फुकट जा-ये करायची आणि भात झोडून झालं की घरटी पायलीभर भात होडीवाल्याच्या अंगणात नेऊन ओतायचं. ज्यांचं शेत नाही ते काय ओतणार? त्यांच्या घरचं माणूस होडीत टोकाला बसायचं, जिथे पाणी उडतं तिथे. कुणी सांगत नाही. होडीवाला तर बिचारा म्हणायचा, आत सरक, आत सरक. पण आपणच सरकत नाही. माझी आई बसायची तिथे. मी तिच्या मांडीवर. पलीकडे उतरेपर्यंत तिचं अर्धं लुगडं ओलं झालेलं असायचं, आणि ती म्हणायची, वाऱ्याने सुकेल.

हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. तुम्हीही कधी नेमकं तेच विचारलं नाहीत, एवढं सगळं विचारत होतात तरी.

कट्टा संपताच तुम्ही गॅलरीत. टाळ्या वाजवत! सत्तरी उलटलेल्या बाईला शोभतं का ते? "सुनंदे! वीस माणसं गप्प बसवलीस!"

"तुम्ही मुद्दाम केलंत."

"मी? बोट तुझं, फोन तुझा."

"फोन माझा नाही. म्हणून तर म्हणते, पैसे घ्या आणि मला मोकळं करा."

"मोकळी होऊन कुठे जाणार आहेस?"

"मधे बसायला," म्हटलं मी.

तेव्हा तुम्ही वळून तुमच्या दाराजवळच्या स्टुलाकडे पाहिलंत. खूप वेळ पाहिलंत. मला वाटलं, आता घेतील पैसे. पण तुम्ही कसल्या ऐकता! आवाज खाली आणून म्हणालात, "बरं. तुझंच खरं. पण मग एक सांग. पैसे दिले, फिटलं. दुसऱ्या दिवशी बाजारही नव्हता. मग ती रिकामी टोपली घेऊन धक्क्यावर का आली?"

"मला काय ठाऊक? लिहिणाऱ्याला विचारा."

"तो मेला कधीचाच."

"मग वर गेल्यावर विचारा!"

"वर काही नसतं गं, सुनंदे," म्हणालात. "जे काय ते इथेच."

मी दार लावून घेतलं. दिवसाउजेडी, चाळीत, तुमच्या तोंडावर. 'वर गेल्यावर विचारा.' मी तुमच्याशी बोललेलं शेवटचं वाक्य ते. गेल्या कित्येक दिवसांत मी त्याच्याऐवजी दुसरी वाक्यं करून पाहिली. एकही बसत नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, एकदा छापलं की छापलं.

त्यानंतर रोज सकाळी दहाला टकटक, टकटक. मी उत्तर दिलं नाही. अकरा दिवस. पाचव्या दिवशी तर तुम्ही चार वेळा वाजवलंत. मी मुद्दाम मशीन जोरात चालवलं, तुम्हाला ऐकू जावं म्हणून. बाराव्या दिवशी टकटक झाली नाही. आणि मी मनात म्हटलं, चला, समजलं एकदाचं बाईला.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. परवा माइकसमोर हेच तोंडाशी आलं होतं. तुम्ही पलीकडे गेलेल्या आणि मी अलीकडे जिंकल्यासारखी फॉल लावते आहे. पिवळी साडी होती. बारा वाजले तरी तुमच्या कुकरची शिट्टी नाही, तेव्हा उठले. दार नुसतं लोटलेलं. तुम्ही खुर्चीत, मान जरा कलती, मांडीवर चमचा. ओट्यावर दोन कप मांडलेले, एकात साखर घातलेली. दोन चमचे, मला लागते तेवढी. अकरा दिवस रोज घालत होतात की काय? रोज फुकट जात होती ना साखर? मग एवढा हट्ट कशाला, ताई? यायचं होतंत सरळ माझ्या दारात. सात पावलं नाहीत. पण नाही. वाजवणार तुम्ही आणि यायचं मी.

आता तुमच्या प्रश्नाचं. उत्तर द्यायचं नाही असंच ठरवलं होतं. पण काल काय झालं ते सांगते आणि संपवते.

काल महिन्याचा पहिला रविवार. मी जेवण आवरलं, वेणी घातली, आणि साडेतीनला तुमच्या दारात उभी. हातात शंभराची नोट. मी कधी निघाले, नोट कधी घेतली, काही कळलं नाही. दाराला कुलूप. ते मीच तर लावून चावी प्राजक्ताला दिली होती आदल्या दिवशी.

समोरच्या वहिनी दोरीवरचे कपडे काढत होत्या. "अगं, कुलूप आहे."

"दिसतंय."

"मग काय काम होतं?"

काम काही नव्हतं, ताई. मी तिथे उभी राहिले. चार वाजले असतील, तरी उभी होते. बाजाराचा दिवस नव्हता. कळलं ना आता? का उगाच माझ्याकडून वदवून घेता?

पण एवढ्याने तुम्ही जिंकलात असं समजू नका. बाईने पैसे ठेवले ते बरोबरच केलं, हे माझं म्हणणं कायम आहे. ती दुसऱ्या दिवशी आली हेही बरोबर. गाढवपणा केला तो तुमच्या होडीवाल्याने. पैसे घेऊन म्हणायचं होतं, बाई, आता मधे बस, उद्याही ये. एवढं बोलला असता तर होडी पालथी पडती का? तुम्ही काय, तो काय, देताना फार शहाणे. घ्यायचं म्हटलं की तोंड वाकडं.

आज सकाळी प्राजक्ता खोली रिकामी करायला आली. पुस्तकं वाचनालयाला देणार म्हणते. मी पाकीट घेऊन गेले. त्यात भिशीचे पाच हजार होतेच, त्यातली शंभराची नोट घरखर्चाला गेली होती, तिच्या जागी कालची घातली.

"मावशी, हे कसले?"

"फोनचे. तुझ्या मावशीचे राहिलेत."

"तिने मला काही सांगितलं नाही. आणि तिने घेतले असते का? राहू द्या ना."

"तूही तसलीच का? शंभर-शंभर न्यायला दर महिन्याला डोंबिवलीहून येणार आहेस?"

ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली. मी तिला रडू दिलं. स्टूल दाराजवळ होतं तिथेच होतं, त्यावर तिने पुस्तकांचा गठ्ठा ठेवला होता. मग मी आत गेले आणि खुर्चीवर बसले. तुमच्या नाही, समोरच्या. जिच्यावर बस म्हणून तुम्ही एकोणीस महिने कानीकपाळी ओरडत होतात. बसायला बरी आहे. पाय मात्र जमिनीला टेकत नाहीत माझे.

प्राजक्ताने डोळे पुसून नोटा मोजल्या. पाचशेच्या दहा, आणि वर शंभराची एक. बरोबर भरल्या. तिने त्या पर्समध्ये ठेवल्या आणि चेन लावली.

फिटले, ताई. सगळे.